तांदळावरची सात नावं

बीदर,
६ फेब्रुवारी १९८९

चि. जगदेवी,

आशीर्वाद पुष्कळ आहेत, पण आंतर्देशीय लहान, म्हणून ते घडी करून कोपऱ्यात ठेवले आहेत. उघडताना सांडू नकोस.

संक्रांतीला तू दोन दिवस आलीस आणि त्यातला एक तास तुझ्या काकाच्या कचेरीत वाया घालवलास, त्याचं फळ आलं. आमचा संगणक अजून काचेच्या थंड खोलीत सुखात आहे. आम्ही बाहेर चपला काढून बसतो. दोन टर्मिनल, एक माझं, एक मडिवाळप्पाचं. आत जाताना आपलं नाव आणि गुप्त शब्द टाईप करायचा. माझा गुप्त शब्द मी मोठ्यानं म्हटल्याशिवाय मला टाईप करता येत नाही, त्यामुळे तो आख्ख्या कचेरीला पाठ आहे. शिपाई तर परवा माझं स्पेलिंग सुधारून गेला.

माझं दुखणं तुला माहीत आहे. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलो. घरी मराठी. छप्पन साली म्हैसूर राज्यात गेलो, तर कन्नडची परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्यांदा परीक्षकच कंटाळला आणि पास झालो. आपण औरादचे लोक हलतो कुठं? भाषाच येऊन आपल्यावर बसते. आणि आता चोपन्नाव्या वर्षी हे यंत्र म्हणतं, यादी हवी तर ls म्हण. दोन अक्षरं, तीही उच्चारता येत नाहीत अशी.

पण तू सांगितलंस की त्याच्या शब्दाला आपलं टोपणनाव देता येतं. मी सात दिली. दाखव, वाच, छाप, शोध, नक्कल, कोण आणि पूस. आज दिवसभर मी यंत्राला मराठीत हुकूम सोडले आणि ते निमूटपणे पाळले गेले. घरात असं कधी झालेलं नाही.

मडिवाळप्पा मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "तात्या, सरकार कर्नाटकचं, मिशिन इंग्रजीचं, आन तू त्याला मराठी शिकवायलास? पेन्शन कोण देणार, मुंबई?" मी म्हटलं, तू कन्नड शिकव, तुला कोण अडवलंय. मग एक वाजला आणि डबे उघडले. त्याच्या डब्यात पुंडी, माझ्या डब्यात अंबाडी. म्हणजे एकच भाजी. बावीस वर्षं आम्ही ती अदलाबदल करून खातोय आणि प्रत्येकाला दुसऱ्याचीच बरी लागते.

तुझी काकू म्हणते, पोरीला सांग, आता जेवायला वाढ म्हणायला पण एक यंत्र पाठव.

तुझा
तात्याकाका


बेंगळूर,
१२ फेब्रुवारी १९८९

ती. काका,

आशीर्वाद मिळाले. दोन सांडले, ते खोलीतल्या मैत्रिणीला दिले, तिची मुलाखत आहे.

तुमचं पत्र मी आमच्या ऑफिसात वाचून दाखवलं. इथं पंधरा माणसं दिवसभर ls, ls करत बसतात. 'दाखव' म्हणावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तामिळनाडूच्या एका मुलानं लगेच आपल्या भाषेत चार नावं ठेवली, आणि सगळे त्याच्याभोवती जमले. साहेब आले तेव्हा कुठं पांगले. इथं मलाही कुणी जगदेवी म्हणत नाही, जे. डी. म्हणतात. म्हणजे टोपणनावांचा आणि माझा जुना संबंध.

एक गोष्ट त्या दिवशी सांगायची राहिली, माझी बस चुकत होती म्हणून. चिठ्ठीची. घाईची नाही, सवडीनं लिहीन.

मडिवाळप्पा काकांना नमस्कार. त्यांच्या घरची शेंगाचटणी मी अजून रेशनसारखी पुरवून खातेय. काकूंना सांगा, जेवायला वाढणारं यंत्र निघालंय, त्याला नवरा म्हणतात, पण अजून कुठंच नीट चालत नाही.

जगदेवी


बीदर,
२० फेब्रुवारी १९८९

चि. जगदेवी,

आशीर्वाद.

तुझं हसतखेळत लिहिलेलं पत्र मिळालं. इथं हसण्यासारखं राहिलेलं नाही.

माझे शब्द कुणीतरी पुसतं. सात तारखेला सकाळी 'दाखव' म्हटलं तर यंत्र म्हणालं, असा शब्द मला माहीत नाही. मला वाटलं चुकलं असेल, पुन्हा सातही घातले. संध्याकाळपर्यंत उत्तम चालले. आठ तारखेला पुन्हा नाहीत. असं रोज. आठवडाभर मी कुणाला काही बोललो नाही. सोमवारी, तेरा तारखेला, मात्र मला जेवण गेलं नाही. विचार केला, रात्री कचेरीला कुलूप असतं. सकाळी माझ्या आधी आत कोण असतं? मडिवाळप्पा. चिटगुप्प्याहून एकच बस वेळेत येते आणि ती फार लवकर येते, म्हणून तो शिपायाकडून किल्ली घेऊन तासभर आधी बसतो. माझा गुप्त शब्द कुणाला पाठ आहे? सगळ्यांना, पण यंत्र एकट्याला मिळतं ते मडिवाळप्पालाच. आणि "मिशिनला मराठी शिकवायलास" असं कोण म्हणालं होतं?

गुरुवारी, सोळा तारखेला, मी मुद्दाम लवकर गेलो. तो माझ्या खुर्चीवर बसला होता. माझ्या टर्मिनलवर माझंच नाव चढलेलं आणि माझे सातही शब्द पडद्यावर ओळीनं उभे, जणू फाशीला. मला बघून तो ताडकन उठला. मी खुर्चीवर बसलो, यंत्रातून बाहेर पडलो, पुन्हा आत शिरलो. सातातला एकही जिवंत नाही.

मग मात्र मी बोललो. म्हटलं, "तुम्हा लोकांना आमची सात नावंसुद्धा बघवत नाहीत." तो काहीच बोलला नाही. चोर बोलत नसतो.

त्या दिवसापासून मी खिडकीकडं तोंड करून जेवतो. अंबाडी एवढी आंबट असते हे मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी सत्तावीसला येतील. मी अर्ज लिहून ठेवला आहे, तीन भाषांत मसुदा करून शेवटी इंग्रजीत. सरकारी यंत्रात दुसऱ्याच्या नावानं शिरणं हा मोठा गुन्हा आहे म्हणतात. त्याची बदली रायचूरला होईल. होऊ दे. तुला एवढ्यासाठी कळवतो की तू शिकवलेलं वाया गेलं असं तुला वाटू नये. ते वाया गेलं नाही, घालवलं गेलं.

तात्याराव


बेंगळूर,
२४ फेब्रुवारी १९८९

ती. काका,

तुम्ही 'तात्याकाका'च्या जागी 'तात्याराव' अशी सही केलीत, तेव्हाच मी पत्र घेऊन तारघराकडं पळाले. आताच तार करून आले आहे: तक्रार देऊ नका. कारण या पत्रात आहे. उभ्यानं वाचू नका, बसा.

तुमचे शब्द कुणीही पुसत नाही. ते आपोआप जातात. सगळ्यांचे जातात, माझेही जातील. चूक माझी आहे.

तुमच्या आणि यंत्राच्या मधे एक दुभाष्या असतो, त्याला शेल म्हणतात. तुम्ही आत शिरलात की एक नवा दुभाष्या कामावर येतो, बाहेर पडलात की तो घरी जातो, तो कायमचाच. दुसऱ्या दिवशी येतो तो दुसरा. काल 'दाखव' म्हणजे ls हे तुम्ही कालच्याला सांगितलंत. आजच्याला ते कसं ठाऊक असणार?

पण प्रत्येक नवा दुभाष्या कामाला लागण्याआधी एक चिठ्ठी वाचतो. तुमच्या नावाचा जो खण यंत्रात आहे, त्यात ती असते. तिचं नाव .cshrc, सुरुवातीला टिंबासकट. ज्या फाईलीच्या कपाळावर टिंब, ती साध्या यादीत दिसत नाही, म्हणून तुम्हाला कधी दिसली नाही. शब्द त्या चिठ्ठीत लिहिले की रोजचा नवा दुभाष्या ते वाचूनच येईल. हेच मला संक्रांतीला सांगायचं होतं आणि मी बसमागं पळाले. नंतर "घाईची नाही" असंही लिहिलं. काका, घाईची होती.

यंत्रात शिरून एवढंच टाईप करा:

echo 'alias dakhav ls -l' >> .cshrc

मग बाकीचे सहा, एकेका ओळीत तसेच. त्यातले बाण नीट बघा, दोन आहेत. दोन बाण म्हणजे आधी आहे त्याच्या खाली जोड. एक बाण दिलात तर आधीचं सगळं पुसून जाईल. आपल्या घराण्याला घाईत एकच बाण मारायची सवय आहे, म्हणून पुन्हा सांगते. शेवटी source .cshrc म्हणा, म्हणजे आज बसलेला दुभाष्यासुद्धा चिठ्ठी पुन्हा वाचेल. उद्यापासून तेही नको.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंय, मडिवाळप्पा काकांसमोर सातही शब्द पडद्यावर उभे होते. काका, टोपणनाव कुणी मुद्दाम पुसायचं तरी कशासाठी, बाहेर पडलं की ते जातंच. आणि पुसणारा माणूस समोर पूर्ण यादी लिहीत बसत नाही. जो घालत असतो, त्याच्याच पडद्यावर ती दिसते. तुम्ही खुर्चीवर बसून काय केलंत? बाहेर पडलात आणि पुन्हा आत शिरलात. म्हणजे त्या दिवशी सातही शब्द मारले कुणी?

मला नक्की ठाऊक नाही. पण विचारा त्यांना. "तुम्हा लोकांना" असं न म्हणता विचारा.

जगदेवी


बीदर,
६ मार्च १९८९

चि. जगदेवी,

तार शनिवारी आली. तारवाल्याला दारात बघून तुझ्या काकूनं आधी रडून घेतलं, मग वाचायला दिली. मी वाचली, पण उशीर झाला होता. कारण साहेब तीन दिवस आधीच आले होते आणि अर्ज मी शुक्रवारी देऊन बसलो होतो. नोकरीत पस्तीस वर्षांत एकही कागद मी वेळेआधी दिलेला नाही, हा पहिला.

सोमवारी मडिवाळप्पाला 'कारणे दाखवा' मिळाली. त्यानं तिथंच उभ्यानं कन्नडमध्ये उत्तर लिहिलं: "टर्मिनलला हात लावला हे खरं आहे. कारण सांगणार नाही." मंगळवारपासून तो कामावर आला नाही.

बुधवारी तुझं पत्र आलं. काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. दुभाष्याचं तिला काही पटलं नाही, पण चिठ्ठीपाशी ती म्हणाली, "म्हंजे लग्नात तांदळावर नाव लिहितात तसं. मी माहेरची कमळा. ताटातल्या तांदळावर अंगठीनं चंद्रभागा लिहिलात, आन ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. नाव ऱ्हायलं ते तुमची आई रोज सकाळी उंबऱ्यातून त्याच नावानं हाक मारायची म्हणून." तेहतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. ती बोलेपर्यंत तिचं माहेरचं नाव मला आठवतही नव्हतं, हे तिला सांगितलं नाही. तुला सांगतो.

गुरुवारी सात ओळी घातल्या. दोन-दोन बाण, चष्मा पुसून. बाहेर पडलो, पुन्हा शिरलो. 'दाखव' म्हटलं, दाखवलं. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तडक चिटगुप्प्याची बस धरली. दार त्याच्या बायकोनं, चन्नव्वानं उघडलं. "बर्री अण्णा, बर्री. ह्यांचं डोकं दुकायलंय."

आतून आवाज आला, "डोकं न्हाई म्हणावं. त्याला कामून खोटं सांगायलीस?"

मी डबा पुढं केला. तो म्हणाला, "साहेबाला दे. अर्ज त्यालाच दिलास की."

"त्या सकाळी माझ्या खुर्चीवर बसून काय करायलास, ते सांग."

"टायपायलो होतो. तुझेच शब्द. सोमवारी तू तोंड एवढंसं करून बसलास, डबा तसाच परत नेलास. म्हटलं, मी सकाळी तासभर मोकळाच असतो. तुझा शब्दांचा कागद टेबलाच्या काचेखाली हायच. बघून बघून सातही घालायचो, नीट बंद करायचो आन आपल्या जागेवर जाऊन बसायचो. तू यायचास आन पुन्हा तोंड एवढंसं. मला वाटायचं माझंच इस्पेलिंग चुकायलंय. त्या दिवशी चारदा तपासत बसलो, म्हणून सापडलो."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"तू इचारलास कुठं? भाषेवर गेलास. बावीस वर्षं माझ्या घरची पुंडी खाल्लास तात्या, आन भाषेवर गेलास."

जगदेवी, रोज आम्ही दोघंही तेच सात शब्द घालत होतो, तो सकाळी, मी दहानंतर. त्यानं नीट बंद केलं की त्याचे जायचे, मी घरी गेलो की माझे. आणि ज्या एका सकाळी ते खरोखर तयार होते, त्या सकाळी मीच बाहेर पडून आत शिरलो.

माफी मागायला तोंड उघडलं आणि चारांपैकी एकाही भाषेत शब्द सापडेना. मी विचारलं, "पुंडी हाय का घरात?" तो म्हणाला, "बस सुटेल तुझी."

शुक्रवारी अर्ज मागं घ्यायला गेलो. साहेब म्हणाले, आवक क्रमांक पडला की कागद मागं जात नाही. माझे सात शब्द महिनाभर यंत्रात राहिले नाहीत, आणि हा एक कागद पहिल्याच दिवशी अमर झाला. त्याला कसल्या चिठ्ठीची गरज पडली नाही. शेवटी दुसरा अर्ज दिला: शब्द मीच घालवले, दोष माझा, साक्षीदार माझी पुतणी. मडिवाळप्पावरची नोटीस रद्द झाली. मला 'यापुढे विचारपूर्वक वागावे' अशी लेखी समज मिळाली, ती माझ्या नोकरीच्या पुस्तकात चिकटवली आहे. तिथं ती शोभते.

आज तो कामावर आला. नमस्कार केला, मी पण केला. एक वाजता मी डबा उघडला. तो म्हणाला, "भूक न्हाई," आणि बाहेर जाऊन झाडाखाली एकटाच जेवला. खिडकीतून सगळं दिसतं.

काय करू, ते लिही. तुझ्याकडं प्रत्येक गोष्टीची ओळ असते.

तात्याकाका


बेंगळूर,
९ मार्च १९८९

ती. काका,

माझ्याकडं याची ओळ नाही. यंत्राला source म्हटलं की ते त्याच क्षणी चिठ्ठी पुन्हा वाचतं. माणसाला असं म्हणता येत नाही.

पण उत्तर काकूंनी दिलंय की. रोज सकाळी उंबऱ्यातून हाक. तुम्ही रोज एक वाजता डबा उघडून विचारा. ते नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी विचारा. मोजू नका.

आणि गुप्त शब्द बदलायचा नियम आहे, हे पुतणी म्हणून नाही, यंत्रवाली म्हणून सांगते. पुतणी म्हणून सांगते, इतक्यात बदलू नका.

मी मडिवाळप्पा काकांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात फक्त दोन गोष्टी आहेत: चूक माझी होती, आणि त्यांच्या नावाचा खण यंत्रात वेगळा आहे, चिठ्ठी कशी लिहायची ती रीत सोबत. माझं कन्नड वाचून त्यांना निदान हसू येईल.

शेंगाचटणी संपली. हे कुणालाही सांगू नका, मडिवाळप्पा काकांना सोडून.

जगदेवी


बीदर,
२० मार्च १९८९

चि. जगदेवी,

आशीर्वाद या खेपेला मोजून घे, यात दोघांचे आहेत.

रोज विचारलं. सोमवारी "भूक न्हाई", मंगळवारी "उपास", बुधवारी पुन्हा "उपास". म्हटलं, लागोपाठ दोन दिवस कुठल्या देवाचा? म्हणाला, "तुझ्या साहेबाचा." मला बरं वाटलं. टोमणा मारणारा माणूस अर्ध्या वाटेवर आलेला असतो. गुरुवारी नुसती मान हलवली, पण तुझं पत्र त्याच्या खिशातून डोकावत होतं.

शुक्रवारी दहाला आलो. त्याच्या टर्मिनलसमोर तो खाली मान घालून काम करत होता, जरा जास्तच. मी आत शिरलो आणि सवयीनं माझी चिठ्ठी वाचायला घेतली. हल्ली रोज वाचतो, देवाला दिवा लावावा तसं. दाखव, वाच, छाप, शोध, नक्कल, कोण, पूस. सातच हवीत. आठ होती.

आठवी मी लिहिलेली नव्हती. alias oota logout. ऊटा म्हणजे कन्नडमध्ये जेवण. 'ऊटा' म्हटलं की आपण यंत्रातून बाहेर.

माझ्या खणात, माझ्या चिठ्ठीत, परवानगीशिवाय, कन्नडमध्ये. सोळा फेब्रुवारीचा तात्याराव असता तर अर्ज तयारच होता. मी चष्मा पुसला. त्यानं बाण दोनच दिले असणार, कारण वरची सातही जागेवर होती. एक वाजेपर्यंत एकही काम धड झालं नाही. एक वाजला तसं मी चार अक्षरं टाईप केली, oota. पडदा कोरा झाला.

मागून आवाज आला, "चल. थंड व्हायलंय."

त्याच्या डब्यात अंबाडी होती. म्हणजे पुंडी. मी माझा डबा त्याच्याकडं सरकवला, त्यानं त्याचा माझ्याकडं. अर्धी भाकरी झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्या पुतणीचं कन्नड लई वाईट हाय." मी म्हटलं, माझंच बघून शिकलीय. "मग बरोबर हाय," म्हणाला आणि उरलेली भाकरी मोडून अर्धी मला दिली.

शनिवारी सकाळी यंत्रात शिरताना मात्र मला भीती वाटली. नवा दिवस, नवा दुभाष्या. आधी 'दाखव' म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. बसल्या बसल्या, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, 'ऊटा' टाईप केलं.

पडदा कोरा झाला. मडिवाळप्पानं मान वर केली आणि म्हणाला, "आत्ता? आत्ताच आलास की रे!"

चटणीचा डबा पार्सलनं निघाला आहे. झाकणावर तो कन्नडमध्ये आणि मी मराठीत तुझं नाव लिहिलंय. जे. डी. कुणीच लिहिलेलं नाही.

तुझा
तात्याकाका